छोट्या ट्रॅक्टरवर १२ व्होल्टचा फवारणी पंप: वायर, फ्यूज, रिले आणि परतीची वायर

प्रश्न असा: छोट्या ट्रॅक्टरच्या मागे १०० लिटरची टाकी आणि १२ व्होल्टचा डायफ्राम पंप बसवला आहे. पंपासोबत आलेली चिमट्यांची वायर थेट बॅटरीला लावून काम चाललं आहे. पण चिमटे तापतात, पंप मधूनच मंदावतो आणि फवारणी संपल्यावर कधी कधी सेल्फ मारला तरी ट्रॅक्टर उठत नाही. कायमची आणि सुरक्षित जोडणी कशी करायची?

चिमटे आधी बाजूला ठेवा. पंप चालतो की नाही एवढं बघण्यापुरतेच ते असतात. त्यांचे दात टर्मिनलला दोन-चार ठिकाणीच टेकतात, त्यामुळे १० अँपिअरला तिथं उष्णता होणारच. ट्रॅक्टर हादरला की ते सरकतात. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि ठिणगी नेमकी त्याच जागी पडते. त्यात अशा वायरीला बहुतेक वेळा फ्यूज नसतो, किंवा असलाच तर पंपाच्या टोकाला असतो. तिथं तो बॅटरीपासून मागेपर्यंतच्या वायरीला काहीही संरक्षण देत नाही.

आता क्रम. आधी करंट, त्यावरून वायर, वायर पाहून फ्यूज. बरेच जण घरात पडलेल्या वायरीपासून सुरुवात करतात आणि फ्यूज उडायला लागला की मोठा टाकतात. अशा जोडण्या जळतात त्या बहुतेक इथूनच.

करंट पंपाच्या पट्टीवर लिहिलेला असतो. या वर्गातले पंप साधारण ५ ते १० अँपिअर घेतात, मोठे त्याहून जास्त. पट्टीवर ‘कमाल’ म्हणून जो आकडा असतो तो कमाल दाबाचा. मिनिटाला इतके लिटर हा आकडा मात्र दाब नसतानाचा. दोन्ही एकाच वेळी कधीच खरे नसतात, त्यामुळे हिशेबाला कमाल अँपिअरच धरा. पट्टी पुसली असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावून, नोझल जवळजवळ बंद ठेवून, दाब भरून पंप आपोआप कट होण्याच्या आधीचा आकडा घ्या. फक्त एसी मोजणारा क्लॅम्प मीटर इथं शून्य दाखवतो आणि माणूस उगाच मीटरला दोष देतो. सुरू होताना क्षणभर याच्या दुप्पट-तिप्पट करंट ओढला जातो. तो वायरीला तापवण्याइतका टिकत नाही, पण ढिल्या जोडावर तोच पहिला डाग पाडतो.

वायरीची लांबी मोजताना सरळ रेषेत मोजू नका. बॅटरी बॉनेटखाली, पंप मागे, आणि वायर चासीच्या कडेनं वळणं घेत जाते. समजा एका बाजूनं ३ मीटर भरली, तर करंटला जाऊन-येऊन ६ मीटर चालावं लागतं. हिशेब सोपा आहे: एकूण मीटर गुणिले अँपिअर गुणिले ०.०१७५, भागिले तांब्याचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. १० अँपिअरला १.५ चौ. मिमीच्या वायरीत ०.७० व्होल्ट पडतात, २.५ मध्ये ०.४२, आणि ४ मध्ये ०.२६. शिवाय जोड, फ्यूज आणि रिलेचे (बारीक करंटवर चालून जाड करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) संपर्क आपापला वाटा घेतात. म्हणून १० अँपिअरच्या पंपाला मी ४ चौ. मिमी सांगेन. ७ अँपिअरपर्यंतच्या पंपाला याच अंतरासाठी २.५ पुरते.

व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि जळते, असं सर्रास सांगितलं जातं. या पंपांत कायमचुंबकाची डीसी मोटर असते आणि तिच्या बाबतीत ते तसं नाही. दाबावरून करंट ठरतो, व्होल्टवरून वेग ठरतो. व्होल्टेज पडलं की पंप हळू फिरतो, नोझलचा पंखा अरुंद होतो आणि कडेच्या ओळींना औषध कमी पडतं. म्हणजे नुकसान मोटरीआधी फवारणीचं होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मोटर खरी धोक्यात येते ती अडकून उभी राहिली तर.

वायर घेताना बहुतारी, म्हणजे बारीक तारांची मऊ वायर घ्या. एकतारी वायर हादऱ्यानं आतून तुटते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायरही स्वस्तात मिळते आणि वरून तांब्यासारखीच दिसते. एक तार ब्लेडनं खरवडा: आत पांढरी निघाली तर ती घेऊ नका. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या आसपास असतो आणि क्रिम्पखाली, म्हणजे टोक चेपून बसवतात तिथं, ती ठिसूळ होते. कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या वायरीचं नेमकं उलट, वरून पांढरी आणि आत लालसर. औषधाच्या तुषारांत हीच सगळ्यांत जास्त टिकते.

फ्यूज वायरीसाठी असतो. पंप वाचला तर चांगलंच, पण त्याचं पहिलं काम ते नाही. शॉर्ट झाल्यावर ट्रॅक्टरची बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते आणि २.५ चौ. मिमीच्या वायरीचं आवरण काही सेकंदांत पेटतं. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जास्तीत जास्त १५ सेंटिमीटरवर हवा, कारण त्याच्या अलीकडचा तुकडा बिनसंरक्षणाचा राहतो. आकडा पंपाच्या कमाल करंटच्या सव्वा ते दीडपट, आणि वायरीच्या क्षमतेच्या आत. १० अँपिअरच्या पंपाला १५ अँपिअरचा, म्हणजे निळा ब्लेड फ्यूज. ७ अँपिअरला लाल, १० चा. पंपाच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा, हे दोन्ही इथं नकोत.

फ्यूज होल्डरकडे फार कुणी पाहत नाही. बाजारातल्या कित्येक होल्डरच्या शेपट्या १ चौ. मिमीच्याही नसतात. ४ चौ. मिमीची वायर टाकून मध्ये असा होल्डर बसवला की सगळा गळा तिथंच आवळला जातो. झाकणाचा, रबरी सील असलेला आणि आपल्या वायरीइतकीच जाड शेपटी असलेला होल्डर घ्या. होल्डर तोंड खाली करून बांधा, म्हणजे पाणी आत साचणार नाही.

रिले लागतोच का? पंप ५-६ अँपिअरचा असेल आणि स्विच खरोखर १२ व्होल्ट डीसीला १५-२० अँपिअरचा असेल, तर रिलेशिवायही चालतं. तरी मी रिले लावायलाच सांगेन. जाड वायर डॅशबोर्डपर्यंत नेऊन परत आणावी लागत नाही, आणि चावी बंद केली की पंपही बंद होतो. भिंतीवरचा घरगुती स्विच मात्र वापरू नका. एसी करंट सेकंदात अनेकदा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसी मोटरीचा प्रवाह तोडताना ती लांबते आणि संपर्क चिकटतात. मग स्विच बंद दिसतो आणि पंप चालूच राहतो.

साधा चार पिनांचा, ३० किंवा ४० अँपिअरचा वाहनांचा रिले घ्या. पिनांवर आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर. ८७ वरून पंपाच्या पॉझिटिव्हकडे जाड वायर. ८६ वर चावीनंतरचा पॉझिटिव्ह, तोही आधी ३ अँपिअरच्या वेगळ्या फ्यूजमधून आणि मग हाताजवळच्या स्विचमधून. ८५ निगेटिव्हला. रिलेच्या आतल्या गुंडाळीला जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर लागतो, म्हणून या बाजूला ०.७५ किंवा १ चौ. मिमीची वायर भरपूर झाली. रिलेच्या अंगावर डायोडची खूण असेल तर ८६ पॉझिटिव्ह आणि ८५ निगेटिव्ह ही दिशा पाळावीच लागते. उलटं लावलं तर पहिल्याच दाबाला फ्यूज किंवा डायोड जातो. पाच पिनांचा रिले असेल तर ८७ए मोकळी सोडा. स्विच बंद असताना ३० शी जोडलेली राहते ती हीच पिन, आणि पंप चुकून तिच्यावर लागला की स्विच बंद असताना फिरतो.

चावीनंतरचा पॉझिटिव्ह कुठून घ्यायचा, इथं थोडं थांबून विचार करा. फ्यूज पेटीत चावीवर चालणारी मोकळी जागा असेल तर तीच सर्वांत चांगली. नसेल तर टेस्ट लॅम्प लावून अशी वायर शोधा, जिच्यावर चावी ‘ऑन’ असताना दिवा लागतो आणि ‘ऑफ’ला विझतो. सेल्फ मारताना तो विझत असेल तर दुधात साखर. इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर, ग्लो प्लगची वायर, सीटखालच्या किंवा पीटीओच्या (मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या शाफ्टच्या) सुरक्षा स्विचच्या वायरी यांना हात लावू नका. तुमच्या जोडणीत शॉर्ट झाला तर उतारावर ट्रॅक्टरचं इंजिनच बंद पडेल, किंवा सुरक्षा स्विचनं ज्या क्षणी काम करायला हवं तेव्हा तो करणार नाही. मागच्या दिव्यांच्या वायरीतून पंपाचा करंट घेणं हीसुद्धा नेहमीची चूक. त्या वायरी बारीक असतात आणि त्यांचा फ्यूज तेवढ्यापुरताच असतो.

परतीच्या वायरीवर बहुतेक जण पैसे वाचवतात. पंपाची काळी वायर टाकीच्या फ्रेमला बोल्टनं आवळली की झालं, असा हिशेब असतो. पण टाकी थ्री पॉइंट लिंकेजवर, म्हणजे मागच्या लिफ्टच्या दांड्यांवर, टांगलेली आहे. फ्रेमपासून चासीपर्यंतचा रस्ता पिनांमधून जातो, आणि त्या पिनांवर ग्रीस, रंग, गंज, माती असं सगळं असतं. लिफ्ट वर-खाली झाली की हा संपर्क बदलतो. पंप मधूनच मंदावण्याचं कारण बऱ्याचदा हेच निघतं. लाल वायरीच्याच जाडीची काळी वायर पंपापासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत आणा, किंवा बॅटरीची जाड अर्थ पट्टी इंजिनला जिथं लागते त्या बोल्टवर, रंग खरवडून. काही जुन्या यंत्रांत पॉझिटिव्हच बॉडीला जोडलेला असतो. म्हणून काम सुरू करण्याआधी बॅटरीची कुठली वायर चासीला जाते ते डोळ्यांनी बघा. इथलं सगळं वर्णन निगेटिव्ह अर्थ असलेल्या ट्रॅक्टरसाठी आहे.

टाकी काढता-घालता यावी म्हणून मागे कनेक्टर लागतोच. सिगारेट लायटरचा सॉकेट त्यासाठी घेऊ नका. त्याची स्प्रिंग हादऱ्यानं सैल होते आणि टोक तापतं. अँडरसन पद्धतीचा ५० अँपिअरचा दोन तोंडांचा कनेक्टर उत्तम, कारण तो उलटा बसत नाही. दुसऱ्या पद्धतीचा घेतलात तर ट्रॅक्टरकडच्या बाजूला आत दडलेल्या पिनांचा भाग ठेवा आणि उघड्या पिना पंपाकडे. टाकी काढल्यावर ट्रॅक्टरकडचं टोक उघडं लोंबकळत असतं आणि त्यात वीज असू शकते. त्याला टोपण हवं आणि अडकवायला जागा हवी.

वायर सुलट-उलट झाली तरी डायफ्राम पंप बहुधा पाणी देतच राहतो, कारण पाण्याची दिशा आतल्या झडपा ठरवतात. त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर मध्ये असेल तर तो त्याच क्षणी जातो. ‘पंप चालला म्हणजे जोडणी बरोबर’ असं समजू नका, मीटरनं बघा.

वायर नेताना सायलेन्सर, फिरणारा पंखा, स्टिअरिंगचे सांधे आणि पीटीओ शाफ्ट यांच्यापासून लांब ठेवा. पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी ग्रोमेट, बाकी सगळीकडे कॉरुगेटेड पाइप, आणि दर २५-३० सेंटिमीटरवर केबल टाय. टाय इतका आवळू नका की आवरण दबेल. डिझेलच्या नळीला किंवा हायड्रॉलिकच्या होजला वायर बांधायचा मोह होतो, कारण ती आयती मागे जात असते. तिथं नको. मागच्या तुकड्यात लिफ्ट पूर्ण खाली असताना ताण येणार नाही आणि पूर्ण वर असताना झोळ पीटीओकडे लोंबणार नाही, एवढीच सैल लांबी ठेवा. इंजिन बंद करून, कुणाला तरी बाजूला उभं करून, लिफ्टच्या दोन्ही टोकांना प्रत्यक्ष बघूनच शेवटचा टाय आवळा.

जोडांसाठी गोल थिंबल, योग्य मापाचं, आणि ते पक्कडीनं चेपायचं नाही. क्रिम्पिंग टूलच घ्या. चेपल्यावर जोरात ओढून बघा: निघालं तर आत्ता निघालेलं बरं. वर गोंदाची हीट श्रिंक स्लीव. नुसतं डाख देऊन जोडलेली वायर ट्रॅक्टरवर टिकत नाही, कारण डाख जिथं संपतो तिथं तार कडक होते आणि हादऱ्यानं नेमकी तिथंच तुटते. टेपपट्टी गुंडाळलेला पीळ तर पहिल्या हंगामातच हिरवा पडतो. तांब्याचं औषध किंवा विद्राव्य खत फवारत असाल तर कनेक्टरच्या पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हलका हात द्या.

आता तो न उठणारा ट्रॅक्टर. छोट्या ट्रॅक्टरांत चार्जिंग तुटपुंजं असतं. काहींचा डायनॅमो १५-२० अँपिअरचाच असतो, तर काहींना ४० च्या आसपासचा अल्टरनेटर असतो. ५५ वॉटचे दोन हेडलाइट मिळून ९ अँपिअरच्या वर घेतात. संध्याकाळी दिवे लावून १० अँपिअरचा पंप चालवला की २० च्या डायनॅमोला बॅटरी भरायला काहीच उरत नाही, आणि इंजिन आयडलला असेल तर तो २० सुद्धा देत नाही. मग फरक बॅटरीतून जातो. बॅटरीवर मीटर लावा. फवारणीच्या आरपीएमला, पंप पूर्ण दाबावर असताना १३.८ च्या आसपास किंवा वर दिसलं तर हिशेब जमतो. १३ च्या खाली घसरत गेलं तर दिवे आणि पंप एकत्र नकोत, किंवा लहान पंप घ्या. इंजिन बंद ठेवून नुसता पंप चालवण्याचा हिशेब त्याहून कडक आहे. ५० अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी होऊ द्यायची म्हटलं तरी ८ अँपिअरला जेमतेम ३ तास. जुन्या बॅटरीला तेवढेही नाहीत.

काम करताना अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. वापरलेली टाकी आणि पंप आधी धुऊन घ्या, हातमोजे घाला. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा आणि शेवटी लावा. पॉझिटिव्हवर पाना असताना तो चासीला टेकला तर निगेटिव्ह सुटलेली असल्यामुळे काही होत नाही. तीच जोडलेली असेल तर पाना तापून लाल होतो. वायर टाकून झाली की फ्यूज न घालता आणि पंपाचा कनेक्टर सोडून, ८७ कडून निघणारी वायर आणि चासी यांच्यात मीटरनं रोध बघा. सर्किट उघडं दिसलं पाहिजे. मगच फ्यूज घाला.

पहिली चाचणी साध्या पाण्यावर. पंप पूर्ण दाबावर चालू असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं पंपाच्या पॉझिटिव्हवर ठेवा. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज या वाटेवर खर्च होतंय. तसंच निगेटिव्ह बाजूला. दोन्हीकडे मिळून ०.५ च्या आत असेल तर ठीक. पण एका बाजूला ०.४ आणि दुसऱ्या बाजूला ०.१ असा फरक दिसला तर दोष कुठल्या बाजूला आहे ते कळलंच. मग टोक एकेक जोड ओलांडत पुढं न्या: फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, रिलेच्या ३० वर, ८७ वर, कनेक्टरवर. आकडा जिथं उडी मारतो तोच खराब जोड. १५-२० मिनिटांनी प्रत्येक जोडाला हात लावून बघा. कोमट चालेल, पण बोट ठेववत नसेल तर तो उघडून पुन्हा करा.

पंप सारखा टुक-टुक करत बंद-चालू होत असेल तर वायरिंग तपासण्यात वेळ घालवू नका. पंप मिनिटाला १५ लिटरचा आणि सहा नोझल मिळून ५ लिटरच घेत असतील, तर दाब क्षणात भरतो, प्रेशर स्विच तोडतो, दाब उतरतो, पुन्हा जोडतो. प्रत्येक वेळी सुरुवातीचा मोठा करंट जातो. स्विचचे संपर्क, रिले आणि फ्यूज तिघंही यातच संपतात. उपाय पाण्याच्या बाजूचा आहे. पंपानंतर बायपास काढून जादा पाणी टाकीत परत सोडा आणि कामाचा दाब स्विचच्या तोडण्याच्या दाबाखाली ठेवा. स्विच ४ बारला तोडत असेल तर ३ बारवर. औषध ढवळलं जातं हा वरचा फायदा.

फ्यूज स्विच लावताक्षणी उडत असेल तर पंपाचा कनेक्टर सोडा, नवा फ्यूज घाला आणि स्विच पुन्हा लावून बघा. तरीही उडाला तर वायर कुठंतरी सोललेली आहे, बहुधा पत्र्याच्या कडेला. कनेक्टर सोडल्यावर टिकला तर पंप अडकलेला आहे, बहुतेक वेळा आत वाळलेल्या औषधानं. दहा-पंधरा मिनिटांनी उडत असेल तर होल्डर बघा: प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर आतली पट्टी सैल झाली आहे, आणि नवा फ्यूज घालून ती सुधारत नाही. होल्डरच बदला. रिले ‘टक’ वाजतो पण पंप गप्प असेल तर ८७ वर व्होल्टेज बघा. तिथं असेल तर कनेक्टरवर, तिथंही असेल तर पंपाचा प्रेशर स्विच. त्याच्या दोन टोकांवर तात्पुरती तार टेकवून पंप फिरला तर स्विच गेलेला आहे. ती तार तशीच ठेवून फवारणी उरकू नका: नोझल बंद झाली की दाब तोडणारं काहीच राहत नाही. नोझल बंद केल्यावरही पंप थांबत नसेल तर आधी बायपास उघडा राहिलाय का आणि सक्शनच्या नळीत हवा येतेय का ते बघा.

हंगाम संपल्यावर पंपातून स्वच्छ पाणी काढा, कनेक्टर सोडा, टोपण लावा आणि बॅटरीजवळचा १५ चा फ्यूज उपसून होल्डरलाच चिकटवून ठेवा. आणि पुढच्या वर्षी याच वायरीवर कामाचा दिवा लावावासा वाटला, तर त्याला बॅटरीपासून वेगळी वायर आणि वेगळा फ्यूज.